चेतकचं इंजिन बांधताना: पार्ट चार घरचे, माप एकच

जुन्या चेतकचं इंजिन उघडलं की आतले सगळे पार्ट एकाच घरचे निघतील, ही अपेक्षा सोडून द्या. ब्लॉक (ज्यात पिस्टन वर-खाली होतो तो सिलिंडर) बजाज सुपरचा असतो, क्रॅंकमध्ये (पिस्टनची चाल फिरती करणाऱ्या दांड्यात) कुणी तरी कनेक्टिंग रॉडचं किट टाकून तो परत प्रेस केलेला असतो, मॅग्नेट (स्पार्कसाठी वीज देणारं चुंबकाचं चाक) तिसऱ्याच गाडीचं असतं आणि नट तर हार्डवेअरच्या दुकानात त्या दिवशी जे मिळाले ते. तीस-चाळीस वर्षांत गाडी ज्या ज्या मिस्त्रीकडे गेली, त्याने हाताशी होतं ते लावून ती चालती केली. त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. तुम्ही आज बांधायला घेतलंत तरी तुमच्याही पुढ्यात तसलाच ढीग येणार आहे. प्रश्न एवढाच, की त्या ढिगातून नीट चालणारं इंजिन कसं उभं करायचं.

हा लेख दोन स्ट्रोकच्या जुन्या चेतकबद्दल आहे. बोर (सिलिंडरचा आतला व्यास) 57 मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) 57 मिमी, क्षमता 145.45 सीसी. नव्या इलेक्ट्रिक चेतकशी त्याचं नावापुरतंच नातं. इंजिन कधीच उघडलं नाही, पण पाने धरता येतात आणि घाई नाही, अशा माणसासाठी हे लिहिलंय.

थोडा वंशवृक्ष, कारण गोंधळाचं मूळ त्यात आहे. बजाज आधी पियाज्योच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत होती. 1971 मध्ये परवाना संपला आणि 1972 पासून आकुर्डीत चेतक निघू लागली. तिचा ढाचा व्हेस्पा स्प्रिंटचा. बजाज 150 आणि सुपर त्याच घराण्यातल्या. महाराष्ट्र स्कूटर्सची साताऱ्यातली प्रिया तशीच. ऐंशीच्या दशकात कानपूरच्या एलएमएलनेही व्हेस्पा काढल्या. म्हणजे सगळ्या चुलत बहिणी. एकीचा पार्ट दुसरीला बसतो, निदान बसल्यासारखा वाटतो, आणि धोका नेमका तिथे आहे. जो पार्ट अजिबात बसत नाही तो निरुपद्रवी. तुम्ही तो परत कराल. जो जवळजवळ बसतो तो इंजिन खातो. म्हणून डब्यावर काय छापलंय त्याला फार किंमत देऊ नका. व्हर्निअर काय म्हणतो ते ऐका.

आधी चेंबर, मग बाकीचं

क्रॅंककेसला आपले मिस्त्री चेंबर म्हणतात. तोच तुमचा आधार. बाकीचा प्रत्येक पार्ट त्याला जुळवायचा, त्याला कुणासाठी कोरायचं नाही. चेंबरचे दोन अर्ध एकत्र धरून कारखान्यात मशीन केलेले असतात, त्यामुळे बेअरिंगची भोकं एका रेषेत येतात. एका चेंबरचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा अर्ध जोडला तर नट आवळले जातात, पण क्रॅंक जड फिरतो आणि बेअरिंग लवकर जातात. भंगारवाला स्वस्तात सुटा अर्ध देत असेल तर घेऊ नका. घ्यायचा तर जोडीने घ्या.

चेंबर बदलण्याआधी आणखी एक गोष्ट. इंजिन नंबर त्यावरच असतो आणि तोच आरसीवर लिहिलेला असतो. दुसऱ्या गाडीचा चेंबर घातलात तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. आमच्या नागपूरची गाडी एमएच 31 असो, एमएच 49 असो की ग्रामीणची एमएच 40. त्या चेंबरची बिल-पावती नसेल तर त्या नंबरची गाडी कुणाची होती याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. मूळ चेंबरला तडा असला तरी चांगल्या अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगवाल्याला आधी दाखवा. माझा कल नेहमी मूळ नंबर वाचवण्याकडेच असतो.

गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल आणि मनात व्हिंटेज नोंदणी असेल, तर 2021 चे नियम वाचून मगच पाना उचला. व्हीए मालिकेतला तो नंबर मूळ स्वरूपात राखलेल्या गाड्यांसाठी आहे. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले त्यांना चालत नाहीत. शिवाय तशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आपल्याला नागपुरात बर्डीच्या बाजारातून भाजी आणायला गाडी हवी असेल, तर साधी नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन करत राहणंच बरं.

खोलताना

स्कूटरचं इंजिन खाली काढणं सोपं आहे. पुढचा लांब बोल्ट, मागचा शॉकअपचा बोल्ट, क्लच-गिअर-ब्रेकच्या केबली, पेट्रोलचा पाइप, वायरी. दोघं असाल तर अर्ध्या तासाचं काम. सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, विशेषतः गिअरच्या दोन केबली कुठून कुठे जातात त्याचे.

नंतरची शिस्त अशी: कुठलाही पार्ट धुण्याआधी बघायचा. धुतल्यावर पुरावा जातो. पिस्टनच्या बाजूला उभे ओरखडे कुठे आहेत, एक्झॉस्टकडे की मागे? मॅग्नेटच्या मागे तेल साचलंय का? क्लचच्या बाजूला गिअर ऑइल कमी आणि सायलेन्सरमध्ये काळा चिकट थर जाड असेल, तर त्या बाजूचं ऑइल सील गेलंय आणि इंजिन गिअर ऑइल पीत होतं. पिस्टनचा माथा पांढुरका, कोरडा असेल तर कुठून तरी हवा आत शिरत होती. एवढं वहीत लिहा, मग रॉकेल-डिझेलमध्ये टाका. नटबोल्ट ज्या भोकातून निघाले त्याच्या नावाने प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवा. पेढ्याच्या रिकाम्या डब्यात सगळं एकत्र टाकलंत तर जोडताना तो डबाच डोकं खाईल.

मॅग्नेट हातोड्याने ठोकून काढायचं नाही. त्याच्या नटाबरोबर एक सर्क्लिप असते. ती जागेवर असेल तर नट उलटा फिरवताना आधी सैल होतो, मग पुन्हा घट्ट लागतो, आणि पुढे फिरवला की मॅग्नेट आपोआप ओढून बाहेर येतं. सर्क्लिप हरवलेली असेल (बहुतेक हरवलेलीच असते) तर नवी आणून लावा, मग सोडा.

मोजायला काय लागतं

0.02 मिमी वाचणारा व्हर्निअर, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्त्या), पोलादी पट्टी, कथलाची तार आणि जाड काच. एवढ्यावर नवशिक्याचं नव्वद टक्के काम होतं. इतवारीत लोहा ओळीकडे हार्डवेअरच्या दुकानांतून हे सगळं मिळेल. मायक्रोमीटर आणि डायल बोअर गेज विकत घेऊ नका. ती मापं बोरिंगवाल्याकडून घ्या, पण आकडे कागदावर लिहून मागा. ‘ठीक आहे’ हे माप नव्हे. बोरिंगवाले थाऊत बोलतात. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे 0.025 मिमी. ‘तीन थाऊ ठेवलेत’ म्हणाले की 0.075 मिमी.

क्रॅंक

या इंजिनात क्रॅंक दोन कामं करतो. पिस्टनची ताकद घेतो आणि कार्ब्युरेटरचं तोंडही उघडतो-मिटतो. क्रॅंकच्या एका चकतीचा कड चेंबरमधल्या एका गुळगुळीत पट्टीला जवळजवळ चिकटून फिरतो. चकतीला कापलेला भाग समोर आला की पेट्रोल-हवा आत येते, भरीव भाग आला की वाट बंद. दोघांतली फट शतांश मिलिमीटरांतली असते. त्या पट्टीवर बोट फिरवा. खोल ओरखडे असतील, तर आत आलेलं मिश्रण परत कार्ब्युरेटरकडे थुंकलं जातं. गाडी किक घेते, पण सावकाश चालत नाही, आणि मालक वर्षभर कार्ब्युरेटर बदलत बसतो.

इथे मिसळणीचा पहिला सापळा आहे. एलएमएलच्या नंतरच्या इंजिनांत हे काम रीड वाल्व (पातळ पत्तीची झडप) करतो. त्यांचा क्रॅंक हातात घेतला तर भाऊच वाटेल. पण चकतीची जाडी, व्यास आणि कापलेल्या भागाची सुरुवात-शेवट तुमच्या क्रॅंकशी ताडून पाहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही. जुना क्रॅंक थैलीत घालून दुकानात न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवा.

जुनाच ठेवणार असाल तर कनेक्टिंग रॉड सरळ वर-खाली ओढून बघा. त्या दिशेने जराही खेळ नको. आडवा थोडा हलतो, तो हलायलाच हवा. नवीन किट टाकलं तर प्रेस करणाऱ्याकडूनच क्रॅंक दोन सेंटरांवर धरून डायल गेजने तपासून घ्या. दोन्ही टोकांचा डगमग 0.03 मिमीच्या आत आला पाहिजे. हे तपासायला नकार देणाऱ्याकडे काम देऊ नका.

पिस्टन, ब्लॉक, हेड

सगळ्यात जास्त गफलती इथे होतात, म्हणून जरा थांबू.

ब्लॉक मोजायचा तो वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी. एका ठिकाणचं माप दुसऱ्याहून 0.1 मिमीने जास्त भरलं तर रिंगा बदलून भागणार नाही, बोर मारावा लागेल, म्हणजे ब्लॉक आतून कोरून मोठा करावा लागेल. बोर मारायला जाताना पिस्टन आधी हातात हवा. माझ्या ओळखीच्या बोरिंगवाल्याचं एकच म्हणणं असतं: “भाऊ, पिस्टन दे, मंग ब्लॉकाचं बोलू. बिना पिस्टनचा बोर काहून मारू मी?” त्याचं बरोबर आहे. डब्यावर 0.50 (म्हणजे अर्धा मिमी वाढीव) लिहिलेले दोन कंपन्यांचे पिस्टन मोजले तर क्वचितच सारखे निघतात. ब्लॉक त्या एका पिस्टनसाठी कोरला जातो, डब्यावरच्या आकड्यासाठी नाही.

पिस्टन आणि ब्लॉकमध्ये किती फट ठेवायची ते पिस्टनबरोबरच्या चिठ्ठीवर असतं. त्याहून कमी कधीच नको. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, ब्लॉक बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या दुप्पट फुगतं. पुण्या-नाशकात जे इंजिन जेमतेम निभावतं ते नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) नागपूरच्या वर्धा रोडवर जाम होऊ शकतं. थोडं सैल बांधलेलं इंजिन सकाळी थंड असताना खडखडतं, एवढाच त्याचा दोष. जाम झालेलं इंजिन मागचं चाक धरतं आणि माणूस पडतो.

आता खरा सापळा. एलएमएल एनव्हीचा बोर 57.8 मिमी, स्ट्रोक तोच 57. चेतकचा ब्लॉक तीन-चारदा बोर मारून 57.8 पर्यंत आला की कुणीतरी सुचवतं, एलएमएलचा स्टॅंडर्ड पिस्टन टाक, तंतोतंत बसतो. गोलाईत बसतो, खरं आहे. पण पिस्टनला गोलाईशिवाय आणखी चार मापं असतात. पिनची जाडी. पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. रिंगांची जाडी आणि त्यांच्या खिळ्यांची जागा. आणि घाघऱ्यातल्या, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागातल्या, खिडक्या. यातलं एक जरी वेगळं निघालं तर पिस्टन परत करा.

पिन बारीक आणि रॉडचं भोक मोठं असेल तर बुश घालून भागवता येतं. उंचीचं मात्र तसं नाही. माथा 1 मिमी उंच असेल तर तो हेडला लागेल किंवा कॉम्प्रेशन इतकं वाढेल की इंजिन ठोकू लागेल. कमी असेल तर पोर्ट (ब्लॉकच्या भिंतीतली वायू येण्या-जाण्याची तोंडं) वेळेआधी उघडतील आणि ताकद जाईल. हे तपासायची रीत अशी: रिंगा न लावता पिस्टन क्रॅंकवर चढवा, ब्लॉक पॅकिंगसकट बसवा आणि क्रॅंक हाताने फिरवा. पिस्टन अगदी खाली असताना ब्लॉकमधली पोर्टं पूर्ण उघडी दिसली पाहिजेत, त्यांचा तळ आणि पिस्टनचा कड सारख्या पातळीवर. मग पिस्टनच्या माथ्यावर कडेशी कथलाच्या तारेचे दोन तुकडे पिनच्या रेषेत, समोरासमोर, ग्रीसने चिकटवा, हेड आवळा, एकदा पूर्ण फेरा द्या, हेड काढा आणि चपटी झालेली तार मोजा. 1 मिमीपेक्षा कमी भरली तर ब्लॉकखाली जास्त जाडीचं पॅकिंग द्या आणि पोर्टांची पातळी पुन्हा बघा. दोन्ही गोष्टी एकदम जुळत नसतील तर तो पिस्टन तुमचा नाही.

रिंगांच्या खिळ्यांबद्दल. दोन स्ट्रोकमध्ये रिंग फिरू नये म्हणून खाचेत बारीक खिळा असतो. रिंगची तोंडं पोर्टाच्या उघड्या जागेवर आली तर ती बाहेर झेपावतात आणि तुटतात. दुसऱ्या कंपनीच्या पिस्टनचे खिळे कुठे येतात ते ब्लॉकमध्ये डोकावून बघाच. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. रिंग एकटी ब्लॉकमध्ये ढकलून तिच्या तोंडांमधली फट मोजा. 57 मिमीच्या बोरला 0.2 ते 0.3 मिमी चांगली. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. रिंगची जाडी खाचेला जुळते का तेही बघा, कारण बाजारात 2 मिमी आणि 2.5 मिमी दोन्ही मिळतात आणि पाकिटं सारखीच दिसतात.

ब्लॉक दुसऱ्या गाडीचा असेल तर तो उलटा धरून खालच्या पोर्टांची तोंडं चेंबरवरच्या तोंडांशी जुळवा. कागदी पॅकिंग चेंबरवर ठेवून पेन्सिलीने ठसा घ्या आणि तोच ब्लॉकवर ठेवा. ब्लॉकला तिसरं पोर्ट असेल आणि चेंबरला त्याची वाट नसेल तर तिथे मिश्रण धडकून परत फिरतं. अडाणी माणूस लगेच ग्राइंडर उचलतो. तुम्ही उचलू नका. चेंबरला हात लावायचा नाही हे आपलं ठरलंय.

हेड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून, आठच्या आकारात घासून सपाट करा. प्लगचे आटे 14 मिमीचे, लांबी 12.7 मिमी. 19 मिमीचा लांब प्लग त्याच आट्यांत सुरेख बसतो आणि पहिल्याच किकला पिस्टनवर आदळू शकतो. दुकानात ‘स्कूटरचा प्लग’ एवढंच मागू नका, जुना नेऊन लांबी ताडा.

मॅग्नेट आणि त्याची चावी

मॅग्नेट क्रॅंकच्या निमुळत्या टोकावर बसतं. दोघांचा उतार एकच हवा. जुळवून बघायचं तर टोकावर मार्करने पाच-सहा उभ्या रेघा ओढा, चावी न लावता मॅग्नेट हाताने दाबून जरा फिरवा, काढा. रेघा सगळीकडे पुसल्या गेल्या असतील तर बसणी चांगली. नुसत्या एका टोकाला पुसल्या असतील तर वाल्व घासायची पेस्ट लावून हाताने थोडं थोडं घासत जा, मग पेट्रोलने स्वच्छ धुवा. निम्म्याहून जास्त रेघा शिल्लक राहत असतील तर तो उतारच वेगळा आहे. पेस्टने असला फरक भरून निघत नाही.

अर्धचंद्राकृती चावी मॅग्नेटला धरून ठेवत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. ताकद निमुळत्या बसणीत असते. चावी फक्त जागा दाखवते, म्हणजे स्पार्क कधी पडणार ते ठरवते. बसणी सैल असेल तर चावी कापली जाते, टायमिंग सरकतं आणि गाडी किक उलटी मारते. मॅग्नेट वेगळ्या गाडीचं असेल तर त्यावरच्या खुणांवर विसंबू नका. पिस्टन अगदी वर आणून स्वतःची खूण करा आणि टायमिंग त्यावरून लावा. पॉइंटची (स्पार्कसाठी उघडझाप करणाऱ्या संपर्कांची) फट 0.3 ते 0.5 मिमी, प्लगची 0.6. पॉइंटवालं मॅग्नेट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशनची प्लेट यांची खिचडी करू नका. तो संच पूर्ण घ्या किंवा घेऊच नका.

बेअरिंग, सील, नट

बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो. साध्या बॉल बेअरिंगचे शेवटचे दोन आकडे पाचने गुणले की आतलं भोक मिळतं: 6204 म्हणजे 20 मिमी, 6205 म्हणजे 25. नंबराच्या शेवटी सी3 असेल तर आत थोडी जास्त मोकळीक आहे. तापणाऱ्या इंजिनाला तेच हवं. क्रॅंकवरची काही बेअरिंगं खास मापाची असतात, तिथे हा गुणाकार लागू पडत नाही. जुनं घेऊन जा आणि आतलं, बाहेरचं, रुंदी अशी तिन्ही मापं ताडा. ऑइल सीलवर तीच तीन मापं छापलेली असतात. सीलमध्ये पैसे वाचवू नका. मिसळणीच्या इंजिनात हवा गळायची पहिली जागा तीच.

बेअरिंग बसवायला नागपूरचा उन्हाळा कामी येतो. 62 मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक 40 अंशांनी तापवलं तर सुमारे 0.05 मिमीने मोठं होतं. बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, चेंबर मे महिन्यातल्या दुपारी गच्चीवर. वर थोडी हॉट एअर गन फिरवली की बेअरिंग अंगठ्याने बसतं. हातोडा मारायची वेळ आली तर थांबा, परत तापवा.

नटांबद्दल वेगळं सांगायला हवं. चेंबरचे आणि हेडचे स्टड 7 मिमीचे आहेत, त्यांना 11 नंबरचा पाना लागतो. 7 मिमीचा नट साध्या हार्डवेअरमध्ये सहज मिळत नाही, म्हणून लोक भोक वाढवून 8 मिमीचा आटा पाडतात किंवा पाव इंची काहीतरी अडकवतात. जुन्या इंजिनात 10 किंवा 13 नंबरचा नट दिसला की समजा तिथे कुणीतरी हे केलंय. आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) टाकून घ्या आणि मूळ 7 मिमीवर या. स्कूटरचे जुने पार्ट ठेवणारी दुकानं हे नट देतात. एकदम वीस घ्या.

कोरी जोडणी, मग खरी

सील, रिंगा आणि सीलंट न लावता एकदा सगळं इंजिन जोडून बघा. चेंबर आवळल्यावर क्रॅंक दोन बोटांनी फिरला पाहिजे. नट एकेक करून आवळत जा. ज्या नटापाशी तो जड होतो तिथेच घोटाळा आहे. गिअरच्या चाकांमधला बाजूचा खेळ फिलर गेजने 0.15 ते 0.40 मिमी भरला पाहिजे. जास्त असेल तर जाड शिम (फट भरायची चकती). गिअर पकडणाऱ्या क्रॉसचे कोपरे गोल झाले असतील तर तो बदला, नाहीतर गिअर उडत राहील. क्लचचं चाक आणि ते ज्याच्यात फिरतं ते मोठं चाक यांचे दात मोजा. जोडी मोडलेली असेल तर दोन्ही एकदम बदला. नव्या क्लच प्लेटी रात्रभर गिअर ऑइलमध्ये भिजवा. बाकी क्लचमध्ये नवशिक्याने घाबरण्यासारखं काही नाही.

खरी जोडणी झाली की गळती तपासा. ही पायरी बहुतेक मिस्त्री करत नाहीत, पण वेगवेगळ्या घरचे पार्ट असताना हीच सगळ्यात मोलाची. एक्झॉस्टचं तोंड रबर आणि पत्र्याच्या पट्टीने बंद करा, कार्ब्युरेटरच्या तोंडावर नळी बसवलेली पट्टी आवळा आणि त्या नळीला रक्तदाब मोजायच्या जुन्या यंत्राचा फुगा आणि काटा जोडा. काटा 300 पर्यंत न्या; तो सुमारे 0.4 बार होतो, त्याहून जास्त नको. काटा पाच मिनिटं जवळपास तिथेच राहिला पाहिजे. खाली आला तर साबणाचं पाणी ब्रशने सगळीकडे लावा: ब्लॉकचा तळ, चेंबरचा सांधा, मॅग्नेटमागचं सील. बुडबुडे येतील तिथे काम. कुठेच बुडबुडे नाहीत आणि तरी दाब पडतोय, तर क्लचच्या बाजूचं सील बघा. तिथली हवा गिअरबॉक्समध्ये जाते.

ब्लॉकचे नट कर्णरेषेत, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळायचे.

पेट्रोल आणि कार्ब्युरेटर

पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि चेतक त्या काळची नाही. जुने रबरी पाइप, टाकीच्या कॉकचं वॉशर, कार्ब्युरेटरची पॅकिंगं त्याने फुगतात किंवा चिरतात. इथेनॉलला चालणारा नवा पाइप टाका. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. प्लग पांढरा दिसत राहिला तर मुख्य जेट एक नंबर मोठा करा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी ठेवा, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं.

2टी तेल लिटरला 20 मिली. पहिल्या काही टाक्यांना 30 मिली पुरे. ‘नवीन इंजिन आहे, जास्त टाक’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. तेल वाढलं की तेवढ्याच जागेतून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं.

पहिली किक

गिअरबॉक्समध्ये एसएई 30 तेल घाला. गाडी सरळ उभी असताना लेव्हलच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. पंखा आणि ब्लॉकवरचं झाकण लावल्याशिवाय इंजिन चालवू नका. ‘आवाज ऐकायला दोन मिनिटं’ म्हणून झाकण काढून चालवायची सवय वाईट. त्या झाकणाशिवाय पंख्याची हवा ब्लॉकपर्यंत पोचतच नाही.

सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर सोडून बघा. आवाज लगेच खाली यायला हवा. तो वरच रेंगाळत असेल तर कुठेतरी हवा शिरतेय. लगेच बंद करा, फुगा लावून गळती पुन्हा तपासा. नीट उतरला तर दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, परत चालवा. असं तीनदा झाल्यावर गार इंजिनावर हेडचे नट पुन्हा तपासा.

मग रस्त्यावर. पहिले 500 किमी अर्ध्याच्या वर अ‍ॅक्सिलरेटर नको, 40-45 चा वेग, पण एकसारखा नाही, वाढवा, सोडा. चढावर मोठ्या गिअरात रेटू नका. फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सचा चढ सुरुवातीला टाळा, डबल सीट तर नकोच. सकाळी सातच्या आत रिंग रोडवर एक फेरी मारावी हे सगळ्यात चांगलं. चालताना इंजिनाचा आवाज अचानक दबल्यासारखा झाला की आधी क्लच दाबा, मग विचार करा.

दर शंभर किलोमीटरला प्लग काढून रंग बघा: विटकरी असेल तर बरोबर, पांढरा म्हणजे पातळ, काळा ओला म्हणजे जाड. 500 किमी झाले की गिअर ऑइल बदला आणि निघालेलं तेल पांढऱ्या फडक्यावर ओतून त्यात चमक किती आहे ते बघा. बारीक चमक असतेच. नखाने उचलता येईल असा तुकडा निघाला तर गाडी तिथेच उभी करा. नसेल तर रामटेकला जाऊन या, पन्नासेक किलोमीटर आहे. गडावर गाडी न नेता खाली बसस्टॅंडजवळ लावा, आणि परतीला निघण्याआधी मॅग्नेटचा नट एकदा पान्याने बघून घ्या.